यादीत नसलेली पाठ

कायद्याच्या मागे एक यादी जोडलेली होती. तीत उजवा हात होता, डावा हात होता, गुडघ्यावरून गेलेला पाय आणि गुडघ्याखालून गेलेला पाय असे दोन वेगळे पाय होते. एक डोळा होता, दोन्ही कान होते, हाताचा अंगठा होता, पायाचाही होता. कामावर असताना यातलं काय गेलं तर मजुराची कमावण्याची ताकद किती घटली असं धरायचं, ते प्रत्येकापुढे छापलेलं. आमचे वकीलसाहेब वामनराव यांनी ती यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "मुन्शी, यात पाठ कुठे आहे?"

पाठ नव्हती.

मी यवतमाळच्या कचेरीत बत्तीस वर्षं वकिलाचा मुन्शी होतो. ज्यांचं कचेरीशी कधी काम पडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, की अर्ज लिहिणं, तिकिटं लावणं, तारखा लक्षात ठेवणं, साक्षीदाराला बसस्टँडवरून उतरवून घेणं, त्याला चहा पाजणं आणि वकिलापुढे जाईपर्यंत त्याला गप्प ठेवणं, हे सगळं मुन्शीचं काम. वकील कोर्टात बोलतो. बाकीचं सगळं मुन्शी करतो. माझ्या काळात खून झाले, दरोडे झाले, एका बैलाच्या मालकीवरून तीन पिढ्या लढल्या. दिवाळीला काहीतरी लिहून द्या म्हटलं की लोकांना वाटतं, मी त्यातलं एखादं रंगवून सांगेन. पण रिकामा बसलो की मला हिरामण आड्याचीच केस आठवते, आणि अजूनही एकट्याला हसू येतं. त्या हसण्याला थोडी लाजही लागून येते. ती का, ते पुढे सांगतो.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आला. आम्ही होतो तिथेच होतो, पण छापील फॉर्मांवरचं जुन्या राज्याचं नाव खोडून नवं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. काही फॉर्मांवर मी दोनदा खोडाखोड केली आहे.

अशाच एका उन्हाळ्याच्या दुपारी सोनाबाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. आर्णीच्या बाजूच्या एका तांड्यावरची बंजारा बाई. आरशांची चोळी, फेटिया म्हणतात तो घेरदार घागरा, हातभर बलोया-बांगड्या, आणि पायात एसटीतून उतरून चालत आल्याची धूळ. मी पाणी दिलं. तिने ते पिऊन तांब्या उपडा ठेवला आणि सरळ सुरुवात केली.

"माह्या मालकाची पाठ मोडली जी. प्रेसवाले म्हणते का तो आमचा मानूसच नव्हता."

"कोणत्या प्रेसवर होता?"

तिने नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मालक गेला, त्याची नातवंडं भली माणसं आहेत. कापसातली सरकी काढायची ती जिनिंग, आणि उरलेली रुई दाबून तिच्या लोखंडी पट्ट्या बांधलेल्या गाठी करायच्या ती प्रेस. एकेक गाठ साडेचार मणांची. त्या गाठींची छतापर्यंत थप्पी लावतात. हिरामण खालच्या बाजूला गाठ सरकवत होता, वरची निसटली आणि त्याच्या कमरेत बसली. यवतमाळच्या दवाखान्यात काही दिवस, मग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात काही महिने काढून तो तांड्यावर परत आला होता. कमरेखालचं सगळं गेलं होतं.

वामनरावांचा धंदा शेताच्या धुऱ्यांच्या, म्हणजे बांधांच्या, आणि कुळाच्या भांडणांचा. मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा त्यांनी आयुष्यात उघडला नव्हता. त्यांनी नागपूरच्या एका मित्राकडून तो मागवला. पुस्तक आल्यावर पहिला अर्धा तास त्यांनी फक्त संताप केला, कारण यादीत उजव्या हाताचा भाव डाव्यापेक्षा जास्त होता आणि वामनराव डावखुरे होते. "हा माणूस कोण लागून गेला ठरवणारा?" असं ते म्हणत राहिले. मग पाठ शोधली. मग सोनाबाईकडे वळून म्हणाले, "बाई, केस घेतो. कायद्याला पाठ नाही, पण तुमच्या नवऱ्याला होती."

आम्ही नोटीस दिली. प्रेसच्या मुनीमजींकडून उत्तर आलं. हिरामण नावाचा कोणी आमच्याकडे नव्हता. असलाच तर ठेकेदाराचा होता. आणि ठेकेदाराचा असला तरी त्या दिवशी तो दारू प्यायलेला होता. नसलेला माणूस दारू कशी प्याला, याचा खुलासा उत्तरात नव्हता.

अर्जावर हिरामणचा अंगठा घ्यायला मी तांड्यावर गेलो. आर्णीपर्यंत एसटी, पुढे चालत. झोपडीच्या दारात कडुनिंबाच्या सावलीला बाज टाकलेली, वरून एक दोर टांगलेला, आणि त्या दोराला एका हाताने धरून एक चाळिशीचा माणूस पडलेला. छाती, दंड पैलवानाचे. पांघरुणाखाली पाय काडीसारखे.

"या मुन्शीजी, बसा," तो म्हणाला. "मी उठलो नाही, राग नका मानू."

मी कसनुसा हसलो. काय झालं ते सांग म्हटलं.

"गाठ आली. मले वाटलं, कोनी मांगून थाप मारली. मंग खाली पडलो न पाहतो त पाय दुसऱ्या कोनाचे हायेत. मी म्हनलं, ज्याचे असन त्यानं घेऊन जा बाप्पा."

मी शाईचा पॅड काढला. त्याने अंगठा पुढे केला तेव्हा मी सांगितलं की कायद्याच्या यादीत या अंगठ्याला भाव आहे, पाठीला नाही. त्याने अंगठा उलटासुलटा करून पाहिला आणि बायकोला त्यांच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाला. ती दोघं खूप हसली. मला कोणी अर्थ सांगितला नाही.

मग मी मुनीमजींचं उत्तर वाचून दाखवलं. दारूचं वाक्य आलं आणि हिरामणचं हसू थांबलं.

"हे लिवलं त्यायनं?"

"लिहिलं आहे. पण त्याची काळजी..."

"मुन्शीजी, मी सात साल झाले सोडली. नायकापुढं, साऱ्या तांड्यापुढं हातात पानी घेऊन सोडली. भजनात टाळ माह्या हाती असे. आता लोक म्हणते, पेला असन, म्हनून पडला. भजनाले कोनी उचलून बी नेत नाही." तो दोराकडे पाहत राहिला. "पाय गेले ते गेले. हे काहून लिवलं?"

मी म्हटलं, कोर्टात बघू. तेव्हा मला ते किरकोळ वाटलं. केस भरपाईची, दारूचा मुद्दा तोंडी लावायचा, असा माझा हिशेब.

पावसाळ्याच्या तोंडाशी मुनीमजी स्वतः आमच्या ऑफिसात आले. वामनराव कोर्टात होते. मुनीमजी गोड माणूस. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, माझ्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, आणि आपसात मिटवण्याचा एक कागद पुढे केला. रक्कम बरी होती. म्हणजे, भरपाईच्या मानाने कमी, पण तांड्याच्या मानाने बरी. मी कागद वाचला. त्यात एक वाक्य होतं, "मी नशेत असताना माझ्याच चुकीने दुखापत झाली." मी ते वाचलं, समजलो आणि पुढे गेलो. मी मनाशी म्हटलं, घरात बायको एकटी आहे, केस दोन वर्षं चालेल, यादीत पाठ नाही, आणि माणूस तेवढा जगेल की नाही कोण जाणे. वामनरावांना न विचारता मी दुसऱ्या दिवशी तांडा गाठला.

सोनाबाईने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. "सारं वाचा," ती म्हणाली. मी वाचताना ते वाक्य गाळलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"कागद मोठा दिसते. बोलनं लहान झालं." तिने मधल्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं काय हाय?"

मी वाचलं. माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडताना मला प्रथमच त्याचा वास आला. सोनाबाईने कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, खाली वाकली आणि बाजेच्या एका पायाखाली सरकवली.

"बाज हालत होती," ती म्हणाली. "चहा पेता का जी?"

मी चहा प्यालो. वामनरावांना ही गोष्ट मी पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितली. त्यांनी मला शिवी दिली नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

मिटत नाही म्हटल्यावर मुनीमजींनी दुसरा मार्ग काढला. त्यांना खात्री होती की हिरामण सोंग करतो आहे, दिवसा पडतो आणि कोणी नसलं की चालतो. म्हणून त्यांनी गंगाराम नावाच्या एका काढून टाकलेल्या चपराशाला पेटी दिली, पेटीत मणी, पोत, सुया, आरसे भरले आणि त्याला मणीवाला बनवून तांड्यावर पाठवला. त्याने रोज जायचं, दारात पेटी मांडायची आणि हिरामण उठतो का ते पाहायचं.

गंगाराम पहिल्या दिवशी दारात बसला. सोनाबाईने त्याच्याकडे पाहिलं. नागपूरच्या नर्सबाईने तिला सांगून ठेवलं होतं की दर दोन तासांनी नवऱ्याची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या जखमाच माणसाला नेतात. तांड्यात घड्याळ नव्हतं. ती सावलीवर वेळ पाहायची. हिरामण मोठ्या हाडाचा, ती एकटी.

"मनी मंग पाहीन," ती गंगारामला म्हणाली. "पहिले इकडं हात लाव."

गंगारामने हात लावला. कोणी काम सांगितलं की करायचं, ही चपराशाची सवय. दुपारी पुन्हा हाक आली. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तिने त्याच्याकडून पाण्याची घागर आणवली. तिसऱ्या दिवशी जखमेवर औषध लावताना पाय धरायला लावले. दहा-बारा दिवस हेच. मधल्या वेळात तांड्यातल्या बायका पेटीभोवती जमत, आणि आरसे असे खपले की गंगाराम स्वतःच्या पैशाने यवतमाळहून आणखी माल घेऊन आला. मुनीमजींना तो रोज एकच सांगे, "अजून त चालला नाही."

"नीट पाहा," मुनीमजी म्हणत.

"पाहूनच राह्यलो," गंगाराम म्हणे. ते खोटं नव्हतं.

सुनावणी थंडीत लागली. भरपाईचे दावे ऐकायला सरकार एक कमिशनर नेमतं. आमच्याकडे ते काम दिवाणी जजसाहेबच करीत. खुर्ची तीच, चष्मा तोच, पट्टेवालाही तोच. फक्त ठरलेल्या दिवशी साहेब जजचे कमिशनर होत आणि फायलीची दोरी बदलत असे.

हिरामणला आणायचं कसं, हा प्रश्न होता. बैलगाडीने दीड दिवस, आणि धक्क्यांनी पाठ आणखी जायची. मी टॅक्सीची चौकशी करत होतो. तारखेच्या दिवशी सकाळी कचेरीच्या फाटकात एक ट्रक येऊन उभा राहिला, कापसाने काठोकाठ भरलेला. वर कापसात रुतवून बाज ठेवलेली, बाजेवर हिरामण, शेजारी सोनाबाई पदर सावरत बसलेली. फाटकापाशी मुनीमजी पान खात उभे होते. त्यांनी ट्रककडे पाहिलं, मग ट्रकच्या दारावरचं नाव वाचलं, आणि पान थुंकायचं विसरले. ट्रक प्रेसचाच होता. ड्रायव्हर हिरामणचा जुना सोबती. आर्णीहून कापूस भरून प्रेसवर निघाला होता, वाटेत एक माणूस घेतला, एवढंच.

"मुनीमजी, रामराम!" हिरामण वरून ओरडला. "असल्या गादीवर जिनगीत झोपलो नव्हतो!"

चौघांनी बाज उतरवली. कोर्टाचा हॉल सहा पायऱ्या वर. बाज दारातून जाईना. आडवी करावी तर हिरामण पडतो, उभी करावी तर तो घसरतो. शेवटी ती दारात अर्धी आत अर्धी बाहेर अडकली. आतले वकील आत राहिले, बाहेरचे बाहेर. तेवढ्यात साहेब आले आणि पट्टेवाल्याने सवयीने आरोळी ठोकली, "उभे राहा!"

सगळे उभे राहिले. हिरामणने दोन्ही हात जोडले.

"मी मनातल्या मनात राह्यलो साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी हसू दाबलं, पण त्यांचा चष्मा हलला. मग ते खुर्चीवरून उठले, आणि म्हणाले, "बाज बाहेर न्या. मी बाहेर बसतो." अशी ती सुनावणी कचेरीच्या आवारात निंबाखाली झाली. टेबल आलं, खुर्ची आली, फायली उडू नयेत म्हणून पट्टेवाल्याने चार दगड आणले. बघ्यांची ही गर्दी. धुऱ्याच्या भांडणांसाठी आलेले लोक आपली तारीख सोडून इकडे आले.

प्रेसच्या बाजूने नागपूरचे एक वकीलसाहेब आले होते. हुशार माणूस, बोलणं साफ. त्यांनी सरळ यादीच पुढे ठेवली.

"महाराज, यादीत पाठ नाही. पाय आहे. पण पाय गेल्याचा पुरावा कुठे आहे? दोन्ही पाय आपल्यासमोर अंगाला लागून आहेत. माझ्या अशिलाने यांचा एकही पाय घेतलेला नाही."

लोकांनी पायांकडे पाहिलं. पाय होतेच.

वामनराव उठले. "महाराज, मी शेतीचा वकील आहे. माझ्या एका अशिलाच्या शेतात विहीर आहे. बांधलेली, पायऱ्यांची, कठडा असलेली. पाणी नाही. तलाठ्याने ती विहीर म्हणून लिहिली आणि ओलिताचा सारा लावला. माझं म्हणणं एवढंच, की तलाठ्याने एकदा तिच्यात बादली सोडून दाखवावी. हे पाय तसेच आहेत. माझ्या विद्वान मित्रांनी या पायांनी फक्त एक पायरी चढून दाखवावी, मी दावा मागे घेतो."

लोकांना विहीर कळली. माना हलल्या. साहेबांनी मात्र वामनरावांच्या हातातलं पुस्तक मागितलं, यादी पाहिली, आणि पान उलटलं.

"वामनराव, तुम्ही यादी किती वेळा वाचली?"

"पाच-सहा वेळा, महाराज."

"खालची टीप पुढच्या पानावर आहे. अवयव पूर्णपणे आणि कायमचा निकामी झाला तर तो गेलाच असं धरायचं, असं इथे छापलं आहे."

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी निंबाकडे पाहिलं. महिनाभर आम्ही दोघं त्या पाठीपायी झोपलो नव्हतो, आणि पान उलटायचं दोघांनाही सुचलं नाही.

मग दारूचा साक्षीदार आला. प्रेसवरचाच एक हमाल. त्याने शपथ घेतली आणि पाठ केलेलं सांगितलं, की त्या दिवशी सकाळी हिरामण आणि मी सोबत बसून दारू प्यालो, हिरामण जास्त प्याला, मी कमी.

वामनराव शांतपणे उठले. तेव्हा आमच्याकडे दारूबंदी होती. म्हणजे दारू मिळत असे, पण मागच्या दाराने, आणि पकडलं गेलं तर प्यायलेला आणि विकलेला दोघेही आत.

"तुमच्याकडे परवाना आहे?"

"कायचा जी?"

"दारू पिण्याचा. दारूबंदी आहे. तुम्ही कमिशनर साहेबांपुढे शपथेवर सांगितलं की तुम्ही प्यालात. कुणाकडून घेतली?"

साक्षीदाराने मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजींनी आभाळाकडे पाहिलं. फाटकावर एक पोलीस शिपाई बिडी ओढत होता, साक्षीदाराने त्याच्याकडेही पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "ते ताक होतं."

"हिरामण काय प्याला?"

"तो बी ताकच पेला जी. जास्त पेला."

आवार हसून लोळलं. पट्टेवाला "खामोश" म्हणायच्या ऐवजी पाठ वळवून उभा राहिला. मी हिरामणकडे पाहिलं. तो हसत नव्हता. तो साक्षीदाराकडे असा पाहत होता, जसं कोणी त्याला बऱ्याच दिवसांनी प्यायला पाणी दिलं आहे.

शेवटी गंगाराम आला. मुनीमजींचा हुकमी एक्का. हिरामण काठी धरून दारापर्यंत चालताना पाहिला, एवढंच त्याने सांगायचं होतं. गंगारामने शपथ घेतली, आणि बाजेकडे पाहू लागला.

"सांगा," नागपूरचे वकीलसाहेब म्हणाले. "तुम्ही यांना चालताना पाहिलं?"

"साहेब, शपथ घेतली नसती त सांगतलं असतं."

"म्हणजे?"

"चालला असं सांगाले मुनीमजीनं सांगतलं होतं. पन मी सोता त्याले धा-बारा दिवस कुशीवर केला. पाय मेल्यावानी पडते जी. एकदा माह्या हातून सुटला न बाजेच्या दांडीवर आपटला, रगत आलं. त्याले मालूमच नाही. मलेच रडू आलं." त्याने नाक पुसलं. "बाई त म्हने, रडू नको, घागर भरून आन."

नागपूरचे वकीलसाहेब सभ्य होते. त्यांनी कागद गोळा केले आणि म्हणाले, "मला पुढे काही विचारायचं नाही."

जाता जाता साहेबांनी विचारलं, "गंगाराम, आता काय करता?"

"मनी-पोतीचा धंदा, साहेब. चांगला चालते. लय तांडे हायेत."

निकाल लागायला आणखी पाच तारखा गेल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा डॉक्टर रजेवर, एकदा फाईल रजेवर. पण लागला, आणि पूर्ण भरपाईचा लागला. हिरामण ठेकेदाराचा असला तरी काम प्रेसचं होतं, आणि तो कुठलंही काम करायला कायमचा असमर्थ झाला, असं साहेबांनी लिहिलं. प्रेसवाल्यांनी अपील केलं नाही. रक्कम कोर्टात जमा झाली.

हुकूम इंग्रजीत होता. मी तो मराठीत उतरवून तांड्यावर नेला. मला वाटलं होतं दोघांनाच वाचून दाखवायचा आहे. पोचलो तर नायक, म्हातारे, भजनाची मंडळी, सगळा तांडा बाजेभोवती बसलेला. मी रकमेपासून सुरुवात केली.

"ते मंग," हिरामण म्हणाला. "ताकाचं वाचा."

मी वाचलं. "अपघाताच्या वेळी अर्जदार नशेत होता, असं सिद्ध झालेलं नाही. उलट, तसं सांगणारा साक्षीदार विश्वासार्ह नाही."

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं.

"नायक बापू, आयकू आलं?"

नायक म्हातारा, कानाने कमी. "आयकू आलं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मुन्शीजी, आनखी एकदा."

त्या संध्याकाळी चौघांनी बाज उचलून भजनाला नेली. मला शेवटची एसटी गाठायची होती म्हणून मी थांबलो नाही. रस्त्याला लागेपर्यंत टाळ ऐकू येत होते. त्यातला एक जरा पुढे पळत होता. दीड वर्षाने हातात आल्यावर टाळ तसा पळतोच.

पुढची चार-पाच वर्षं हिरामणने आम्हाला गिऱ्हाइकं पाठवली. आर्णी, दिग्रस, दारव्ह्याकडचे मजूर, कुणाचं बोट सरकीच्या यंत्रात गेलेलं, कुणाच्या पायावर गाठ पडलेली, आधी तांड्यावर जात आणि बाजेपाशी बसत. हिरामण त्यांना सगळं पढवून पाठवी. ते आले की माझं कामच उरत नसे. "नोटीस लवकर द्या, मुदत हाय," असं पक्षकारच मला सांगत. एकाने तर वामनरावांना "पान पलटवून पाह्यलं काय?" असं विचारलं. वामनरावांनी त्याची फी कमी केली.

मग एका हिवाळ्यात पाठीच्या जखमेने ताप धरला. हिरामणला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. मी भेटायला गेलो तेव्हा तो ओळखीचं हसला, पण विनोद केला नाही. आठवड्यात गेला. सोनाबाईने सहा वर्षं त्याची कूस बदलली होती. डॉक्टर म्हणाले, एवढी वर्षं निघाली ती तिच्या हातांमुळे.

वर्षभर तिचा काही पत्ता नव्हता. मग एके दिवशी, ऑफिसात उन्हाचा पट्टा माझ्या टेबलापर्यंत आला होता, ती दारात उभी राहिली. सोबत एक तरुण बाई, उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. फडक्यावर सुकलेलं रक्त. सोनाबाईने तिला माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं, स्वतः उभी राहिली.

"काय झालं?" मी त्या बाईला विचारलं. ती बोलायला लागणार तोच सोनाबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू थांब. मी सांगतो." मग माझ्याकडे वळून, "मुन्शीजी, कागद घ्या. नोटीस लिवा. आजच."

मी कागद घेतला, दौत उघडली.

"कारखान्याचं नाव लिवा. मालकाचं लिवा, मुनीमाचं नको. मंग लिवा, मंगळवारी सकाळी, यंत्रावर कापूस लावत असता. वेळ बी लिवा. आनखी लिवा का," ती थांबली, आणि त्या पोरीकडे बघत एकेक शब्द सावकाश सांगू लागली, "का बाई धडधाकट होती, शुद्धीवर होती, न आपल्या कामावर होती."

मी लिहिलं.

"आता वाचून दाखवा," ती म्हणाली. "सारं वाचा."